बादलीभर पाणी

"म्हंजे अजून न्हाईच?" सर्जेरावाने विचारलं.

दस्तगीर उस्तादांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुचकळला, वर काढला, फडक्याला पुसला.

"न्हाई कुठं म्हटलं मी?"

"मग हो म्हणा."

"हो तरी कुठं म्हटलं?"

अकरा वर्षं ह्या माणसाच्या हाताखाली काढल्यावर एवढं सर्जेरावाला पक्कं ठाऊक होतं, की एकच प्रश्न उस्तादांना दोनदा विचारता येतो. तिसऱ्यांदा विचारला की ते चहाला उठतात.

प्रश्न नावाचा होता.

कराडच्या पुढे हायवेला लागून उस्तादांची पत्र्याची शेड. तिथे ट्रक रंगायचे. गाडी रंगून झाली की मागच्या फाळक्यावर, खाली डाव्या कोपऱ्यात, वीतभर जागेत लिहिलं जायचं : दस्तगीर पेंटर. शेडचा रिवाज असा, की शिकणाऱ्याचा हात तयार झाला म्हणजे उस्ताद आपला ब्रश त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतःच्या नावाच्या जागी त्याला त्याचं नाव लिहायला सांगायचे. चाळीस वर्षांत चौघांनी लिहिलं होतं. त्या चौघांची चार गावांत दुकानं होती आणि चारही दुकानांसमोर गाड्यांची रांग होती. ड्रायव्हर लोक नाव वाचत नाहीत असं ज्याला वाटतं त्याने त्यांच्याबरोबर एकदा धाब्यावर बसावं.

सर्जेरावाला पाचवा व्हायचं होतं. गावाच्या फाट्यावर त्याने जागा धरली होती, पत्रे चढले होते, दसऱ्याला नारळ फोडायचा होता. बोर्ड तेवढा कोरा होता. उस्तादांनी हो म्हटल्याशिवाय त्यावर नाव लिहिण्याची त्याची छाती नव्हती, आणि लिहिलं असतं तरी उपयोग नव्हता. उस्तादांचा होकार नसलेल्या पेंटरकडे ह्या रस्त्यावर कोणी सायकलसुद्धा लावली नसती.

"ह्या घोड्यावर लिहू द्या," तो म्हणाला.

घोडा म्हणजे ट्रेलरचं पुढचं तोंड. इंजिन आणि केबिन. मागचं लांबलचक धूड सोडवून बाहेर उभं केलं होतं, आणि नुसता घोडा शेडमध्ये आणला होता. बसगोंडा अण्णांचा. अण्णा निपाणीकडचे, मालक तेच आणि ड्रायव्हरही तेच. चौदा वर्षं हुबळी ते मुंबई त्याच घोड्यावर बसून करत होते. रंग मूळचा मोरपंखी निळा. आता उन्हाने त्याची राख झाली होती आणि जागोजागी पापुद्रे सुटून पत्रा दिसत होता.

"महिन्यातनं सहा वेळा माझ्या फाट्यावरनं जातोय हा. फाळका न्हाई तर न्हाई, दारावर माझं नाव असलं तर बास झालं."

"जखमा किती?" उस्तादांनी विचारलं.

"एकवीस."

"मोजल्यास?"

"खडूनं आकडं घातल्यात."

उस्ताद घोड्याकडे बघत राहिले...

"बुजव," ते म्हणाले. "मला एक बी सापडली न्हाई, तर ब्रश तुझ्या हातात देतो."

सर्जेरावाने हसू दाबलं. उस्तादांचा मोतीबिंदू गेल्या चैत्रात काढला होता. तेव्हापासून ते पेपर हातभर लांब धरून वाचत आणि डाळीतला खडा दातानेच शोधत.

---

दोन दिवस तो कामात बुडाला.

आणि खोटं कशाला बोला, कामात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता. फक्त अक्षराला एक खोड होती. ओळ लिहिताना शेवटी शेवटी ती खाली उतरायची, आणि अकरा वर्षं उस्ताद त्याला तेवढ्या एकाच गोष्टीवरून बोलत आले होते. बाकी रंग कालवावा तर त्यानेच.

त्याने घोडा धुतला. फडक्याने कोरडा केला. मग पुन्हा तासभर उन्हात सुकू दिला, कारण ओल्या गाडीवर रंग जुळवायचा नसतो असं त्याचं मत होतं. उस्ताद नेहमी गाडीचं पाणी निथळत असतानाच रंग कालवायला बसत. म्हातारपणी माणसाला दम धरवत नाही, असं सर्जेराव मनात म्हणे. एकदोनदा चहाच्या टपरीवर मोठ्यानेही म्हणाला होता.

जखमांच्या कडा त्याने पाणीपेपरने घासल्या. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळवली, पुन्हा घासली, प्रायमर दिला. डोळे मिटून बोट फिरवलं तर कड लागू नये इतकं घासलं.

मग रंग. नवा मोरपंखी त्याने डब्यातून तसाच काढला नाही, एवढा कच्चा तो नव्हता. त्यात पांढरा घातला, थेंबभर काळा, थेंबभर पिवळा. पत्र्याच्या तुकड्यावर लावून वाळवायचा आणि घोड्याला टेकवून बघायचा. सोळाव्या तुकड्याला जमलं. तेच राखट निळं. नवा रंग चमकू नये म्हणून वाळल्यावर त्यावर बारीक पेपर फिरवून त्याची चमकही मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दहा पावलं मागे गेला आणि त्याला स्वतःलाच जखमा सापडेनात. आता बोलवा म्हणावं कुणाला बोलवायचं ते.

---

उस्ताद आले. बसगोंडा अण्णा बाजेवरून उठून मागोमाग आले.

उस्तादांनी एक फेरी मारली.

दुसरी फेरी मारली.

"भाईर घे, उन्हात."

सर्जेरावाने घोडा उन्हात घेतला. त्याला हे अपेक्षितच होतं. शेडमधल्या सावलीत जुळलेला रंग उन्हात फुटतो, हे त्याला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. म्हणून सोळाच्या सोळा तुकडे त्याने उन्हात नेऊन पाहिले होते.

उस्तादांनी उन्हात फेरी मारली. डोळ्यांवर हात धरला...

"न्हाई सापडत," ते म्हणाले.

सर्जेराव अण्णांकडे वळला.

"अण्णा, तुम्हाला?"

"कुठलं सापडतंय की वो. नवं कुठलं, जुनं कुठलं, माझं मलाच कळंना!"

उस्ताद हौदाकडे गेले. बादली भरली. सर्जेरावाला वाटलं, हात धुवायला असेल.

त्यांनी बादली घोड्यावर ओतली.

पाणी केबिनवरून खाली आलं आणि जिथून जिथून आलं, तिथला मेलेला रंग गडद निळा झाला. अगदी नव्यासारखा, मोरपंखी. आणि त्या निळ्यावर डाग उठले. आरशाखाली, पायरीवर, क्लीनरच्या बाजूच्या दाराच्या कडेला. राखट, गोल, लांबट.

दुसरी बादली. तिसरी.

एकवीसच्या एकवीस.

"अगागागा!" अण्णा म्हणाले. "माझ्या घोड्याला देवी आल्या की वो!"

सर्जेरावाला भर चौकात कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. मघाशी अण्णांच्या तोंडचे जे शब्द गोड लागले होते ते आता आठवूसुद्धा नयेत असं त्याला वाटलं.

"वाळल्यावर दिसणार न्हाईत," तो म्हणाला.

"न्हाई दिसणार," उस्ताद म्हणाले.

"मग झालं की. पावसात कोण बघतंय?"

"मी बघतोय की," अण्णा म्हणाले. "वर्सातलं चार म्हयनं मी पावसातच असतोय."

पाणी टपटपत होतं.

"अकरा वर्सांत हे तुम्ही मला सांगितलं न्हाई," सर्जेराव म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"दावलं."

"कवा?"

"रोज."

...

सर्जेरावाच्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या गाड्या आल्या. निथळणाऱ्या. आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसून घाईघाईने रंग कालवणारे उस्ताद. वाळायच्या आत जुळवायचा म्हणून घाई. ज्याला तो दम नसणं म्हणत होता ते हे. टपरीवर मोठ्याने हसला होता तेही त्याला आठवलं, आणि मान वर करवेना.

"खरा रंग कुठला मग?" त्याने विचारलं. "सुका, का ओला?"

उस्तादांनी सुती फडक्यावर रबिंगची पेस्ट घेतली आणि दाराच्या कोरड्या भागावर तळहाताएवढी जागा घासायला लागले. फडकं राखेने भरलं. दुसरं घेतलं. दहा मिनिटं तिथे फक्त फडक्याचा आवाज होता.

राखेखालून निळा वर आला.

मग उस्तादांनी ओंजळभर पाणी त्यावर मारलं. निळा तसाच राहिला.

त्यांनी फडकं सर्जेरावाच्या खांद्यावर टाकलं आणि ते चहाला गेले.

---

आपले एकवीस डाग त्याने स्वतःच खरवडून काढले. पहिला खरवडताना डोळ्यांत पाणी आलं, हे तो पुढे कधी कबूल करायचा नाही. दहाव्यापर्यंत नुसता राग राहिला होता, आणि एकविसाव्याला हात दुखत होता म्हणून रागावायलाही सवड नव्हती.

मग चार दिवस घासणं.

अख्खा घोडा. हाताने. फडकी पिळायची, वाळत घालायची, पुन्हा घासायचं. दसरा नऊ दिवसांवर आला होता. घरून बायकोचा फोन आला, बोर्डाचं काय? "बघू," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याला एक गंमत कळली. एकवीस म्हणून ज्या मोजल्या होत्या त्यांतल्या बारा जखमा नव्हत्याच. वरचा रंग मेला होता, खालचा धड होता. घासला की आपोआप वर येत होता. त्या बारा जागांवर त्याने लांबी भरली होती, प्रायमर मारला होता आणि वरून छाती फुगवली होती.

उरल्या नऊ.

बसगोंडा अण्णा बाजेवर बसून शेंगा सोलत होते.

"ह्या दाराला मातर काय लागलेलं न्हाई, अण्णा," सर्जेराव म्हणाला. दोन दिवस तो ड्रायव्हरच्या बाजूचं दार घासत होता. "चौदा वर्सांत एक वरखडा न्हाई."

अण्णा हसायला लागले.

"काय झालं?"

"अरे, बारा वर्सामागं धारवाडाजवळ एका टँकरनं ते दार पार आत घातलं होतं. माझं दोन म्हयनं पाय पलस्तरात. दाराचा पापड झाला होता, पापड! तुझ्या उस्तादांनीच केलं की ते. तू यायच्या आदल्या साली आसंल."

"हे दार?"

"हेच."

सर्जेरावाने बोटं फिरवली. डोळे मिटून फिरवली. पाणी मारलं. बाजूने, उन्हाच्या रेषेत डोळा लावून पाहिलं. कड नाही, लाट नाही. दोन दिवस तो उस्तादांच्या हातावरून हात फिरवत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

उस्ताद शेडच्या मागे भाकरी खायला बसले होते. तो त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"अण्णांचं दार तुम्ही केलंय."

"हां."

"एवढं काम करून नाव कुठं घातलं?"

"दारावर."

"दारावर न्हाई. सगळं दार घासलंय मी."

उस्तादांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"चटणी घे," ते म्हणाले. "आज सुनेनं चांगली कुटलीय."

---

नऊ जखमांचा रंग त्याने ह्या खेपेला घोड्यावरून पाणी निथळत असतानाच कालवला. वाळायला लागला की पुन्हा बादली मारायची, पुन्हा बसायचं. सोळा तुकडे लागले नाहीत, पाचव्यालाच जमलं.

परवावर दसरा आला होता तेव्हा उस्ताद बघायला आले.

ह्या वेळी बादली सर्जेरावानेच ओतली. एक, दोन, तीन. घोडा वरपासून खालपर्यंत निळा होता आणि निळाच राहिला. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून वाकून बघत होते.

उस्तादांनी तीन फेऱ्या मारल्या. खिशातून चष्मा काढून चौथी मारली. आरशाखाली तळहात टेकवून उभे राहिले...

मग शेडमध्ये जाऊन आपला ब्रश घेऊन आले. मुठीशी लाकूड झिजून काळं पडलेला. त्यांनी तो सर्जेरावाच्या हातात दिला. ते पुन्हा आत गेले.

अकरा वर्षांत ह्या क्षणाचा विचार त्याने किती वेळा केला असेल, त्याचा हिशेब नव्हता. नावासाठी पांढऱ्याची एक लहान डबी त्याने महिन्यापूर्वीच कालवून झाकून ठेवली होती. अक्षरांना तांबडी सावली द्यायची, तीही ठरली होती. ती डबी त्याने उघडली.

दारासमोर बसला.

"मोठ्ठं लिव्ह," अण्णा म्हणाले. "शेजारनं जाणाऱ्यानं गाडी हाणता हाणता वाचलं पायजे."

सर्जेरावाने ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि दाराजवळ नेला.

...

हात पुढे जाईना. समोर ते दार होतं. टँकरने पापड केलेलं आणि कुठेच काही न झालेलं. त्यावर त्याचं पांढरं नाव आलं असतं तर साऱ्या घोड्यावर तेवढी एकच गोष्ट दिसली असती.

"काय झालं रं?" अण्णांनी विचारलं.

त्याने ब्रश रॉकेलमध्ये धुतला. पुसला. पांढऱ्याची डबी झाकली. मग जखमा भरून उरलेल्या रंगाचा डबा, घोड्याचा स्वतःचा निळा, जवळ ओढला.

आणि लिहायला लागला.

सावकाश लिहिलं. आधी नाव, मग पेंटर, मग फाट्याचं नाव. वेलांटी, काना, मात्रा, काही सोडलं नाही. ओला होता तोवर निळ्यावर निळं थोडं चमकत होतं. दुपारपर्यंत वाळलं. त्यावर त्याने फडक्याने हलका हात फिरवला, तेव्हा तेही दिसेनासं झालं. पाठ धरली होती. त्याला खूप वर्षांनी शांत झोप येईल असं वाटलं, आणि लगेच कोऱ्या बोर्डाची आठवणही झाली.

चारच्या सुमाराला उस्ताद आले.

"लिव्हलं?"

"व्हय."

अण्णांनी दार वरून खाली पाहिलं. खालून वर पाहिलं. दुसऱ्या बाजूचं दारही जाऊन पाहून आले.

"कुठं लिव्हलंस रं? इथं तर काय बी न्हाई!"

सर्जेराव खाली बघत उभा होता.

उस्तादांनी हौदावरून बादली आणली. दारावर ओतली. पाणी ओघळून गेलं. दार निळं होतं.

त्यांनी चष्मा चढवला. दाराजवळ वाकले. डावीकडून उजवीकडे हळूहळू मान फिरवली. मग पुन्हा डावीकडे येऊन, थोडं खाली, दुसऱ्यांदा फिरवली. अण्णा तोंड उघडं टाकून कधी दाराकडे, कधी त्यांच्याकडे बघत होते.

उस्तादांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"शेवटाला अजून खाली उतरतोस," ते म्हणाले. "बोर्डावर सरळ लिव्ह."